केळीच्या धाग्याचा रोबो

संघमित्रा सरकटे आमच्या मुलुंडच्या कॉलेजात रुजू झाली तेव्हा मी भौतिकशास्त्राची विभागप्रमुख होते. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ही बाई वर्षभरात जाईल. रसायनशास्त्रात पीएच.डी., नंतर चार वर्षं जर्मनीत संशोधन, आणि आमच्याकडे काय? धूर ओढणारं एक कुरकुरणारं कपाट, एक जुना मायक्रोस्कोप आणि प्रॅक्टिकलला येणारी साठ मुलं.

मी विचारलंच, "इथे का आलीस गं?"

"भांडुपहून जवळ पडतं, नीला मॅडम," ती म्हणाली आणि काचेच्या नळ्या धुवायला लागली.

खरं उत्तर कळायला मला दोन वर्षं लागली. ते तिच्या वडिलांकडून कळलं. भीमराज सरकटे ऐंशीच्या दशकात बुलढाण्याकडून मुंबईत आले आणि मरोळच्या एका गाळ्यात क्रोम प्लेटिंगच्या कामाला लागले. नळ, कड्या, सायकलचे हँडल पिवळ्या द्रावणात बुडवायचे, करंट द्यायचा, चकचकीत झाले की बाहेर काढून पाण्याच्या टाकीत धुवायचे. त्या द्रावणाची विषारी वाफ तीस वर्षं नाकात गेली. नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलं. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते, ती त्यांच्या शेजारी बसलं की ऐकू येते.

लहानपणी शाळेला सुट्टी असली की संघमित्रा त्यांच्याबरोबर गाळ्यावर जायची. तिने एकदा विचारलं होतं, "बाबा, नळावर हे किती जाड बसतं?" भीमराजना सांगता येईना. त्यांनी शेठना विचारलं. शेठ हसले, "इतकं पातळ की मोजता येत नाही." पोरीने ते ऐकून घेतलं. पण मोजता येत नाही हे तिला पटलं नाही.

तिथून सुरुवात झाली. घाटकोपरला बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग नॅनो कणांवर पीएच.डी. जर्मनीत ती सूक्ष्म रोबो बनवायला शिकली. रोबो म्हटलं की आपल्याला हातपाय असलेलं यंत्र दिसतं. हे तसे नव्हेत. केसाहून बारीक, स्प्रिंगसारखी वळलेली धातूची तार. चुंबकीय क्षेत्र गोल फिरवलं की ती स्क्रूसारखी फिरत पाण्यात पुढे जाते. या तारेवर क्रोमियम पकडणारा लेप दिला तर ती पाण्यात हिंडून विष गोळा करील आणि चुंबकाने परत बाहेर काढता येईल, एवढी तिची कल्पना. तिला गाळ्यांतून निघणारं ते पाणी साफ करायचं होतं, ज्याच्या काठावर तिच्या वडिलांचं नाक गेलं. म्हणून ती जर्मनीहून परत आली होती.

पण असली स्प्रिंग घडवायला लागणारं यंत्र एका मोठ्या संस्थेत होतं. तिथे वेळ मिळायचा महिन्यातून दोन दिवस. तीन वर्षांत तिने बनवलेले सगळे रोबो एका चमच्यात मावले असते. त्यातच परदेशातल्या एका गटाने जवळपास तेच काम आधी छापलं. तो लेख तिने माझ्या टेबलावर ठेवला.

"वाट लागली, मॅडम."

"आता?"

"आता माहीत नाही." एवढं बोलून ती साडेदहाच्या तासाला शिकवायला गेली.

त्या पावसाळ्यानंतर कॉलेजच्या आवारात एक घड देऊन झालेली केळ तोडली. आमची लॅब असिस्टंट हेमांगी गोराईच्या कोळीवाड्यातली. तिने माळ्याकडून केळीचा गाभा मागून घेतला. घरी गेल्यावरचं काम कमी व्हावं म्हणून सुट्टीत लॅबच्या बाहेरच्या सिंकपाशी त्याच्या चकत्या करत बसली. प्रत्येक चकतीतून पांढरे धागे ताणले जायचे. ते ती बोटावर गुंडाळायची आणि झटकून टाकायची.

संघमित्रा हात धुवायला आली आणि थांबली. "हे काय काढतेस?"

"दोरे, मॅडम. नाही काढले तर भाजी खाताना दातात अडकतात."

"ताणला तरी तुटत कसा नाही?"

"ते मला काय ठाऊक? आई काढते, म्हणून मी काढते."

"दे इकडे."

पाच मिनिटांनी तिने मला खालच्या मजल्यावरून ओरडून बोलावलं. मायक्रोस्कोपमधून पाहिलं तर स्प्रिंग. एकसारखी, घट्ट, सुंदर वळलेली. झाडात पाणी चढतं त्या नळ्यांना आतून असा वळलेला धागा असतो. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत हे शंभर वर्षांपासून आहे. आम्ही दोघींनी ती पुस्तकं कधी उघडली नव्हती.

पुढचं दीड वर्ष मी जवळून पाहिलं. हेमांगी पात्याखाली धागे कापायची, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, रोज शेकड्यांनी. संघमित्रा त्यांच्यावर लोहचुंबकाच्या नॅनो कणांचा थर चढवायची, त्यावर क्रोमियम धरून ठेवणारा कायटोसानचा. हे कायटोसान कोळंबीच्या सालींपासून बनतं हे कळल्यावर हेमांगी कपाळावर हात मारून म्हणाली, "आम्ही ते खाडीत टाकतो, आणि हे बाटलीत भरून विकतात?" मी तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळून दिली, चुंबकीय क्षेत्र फिरवण्यासाठी. मार्च महिन्यात काचेच्या बशीत पहिला धागा हलला. आधी थरथरला, मग डौलात फिरत सरळ रेषेत गेला. हेमांगीने टाळ्या वाजवल्या. संघमित्रा मात्र दिशा बदलून बघत होती, तो वळतो का. वळला.

प्रयोगशाळेत आम्हीच बनवलेलं पिवळं पाणी स्वच्छ झालं. मग खरं पाणी हवं होतं. कोण देणार? भीमराज मुलीला घेऊन स्वतः मरोळला गेले. जुना गाळा बंद झाला होता, शेजारच्या गाळ्यातले शेठ ओळखीचे होते.

"मॅडम सरकारी खात्यातून तर नाहीत ना?" शेठनी विचारलं.

"माही पोरगी हाय," भीमराज म्हणाले. "पाणी नेईल. तुमचं नाव नेणार नाही."

वीस लिटरचा कॅन मिळाला. आणि त्या पाण्यात आमचे सगळे रोबो फसले. खऱ्या पाण्यात तेल होतं, साबण होता, काय काय होतं. धागे एकमेकांना चिकटून भांड्याच्या कडेला गोळा होऊन बसले. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. संघमित्राने तो गोळा चिमट्याने उचलला, उजेडात धरला आणि वहीत लिहायला लागली. मी तिला चिडताना क्वचितच पाहिलं. काही बिघडलं की ती उलट शांत व्हायची आणि तिची अक्षरं बारीक व्हायची.

सात महिने गेले. धागे निम्म्याने लहान केले, लेप पातळ केला, पाण्यावरचा तेलकट थर आधी काढून टाकायची सोय केली. शेवटी एका शनिवारी दुपारी त्याच गाळ्यातलं वीस लिटर पाणी तासाभरात पिवळ्याचं फिकट आणि फिकटाचं नितळ झालं. तपासणीला पाठवलं. अहवाल आला, क्रोमियम परवानगीच्या मर्यादेखाली.

भीमराज त्या दिवशी लॅबमध्ये होते. मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. "याले रोबो म्हणते?"

"सांगितलं की जातो, काम करतो, बोलावलं की परत येतो. मग रोबोच ना, बाबा?"

"माणसापेक्षा बरा हाय मग," ते म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो.

शोधनिबंधावर हेमांगीचं नाव दुसरं होतं. एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा फोन आला, की लॅब असिस्टंटचं नाव आभारात टाकतात. संघमित्रा म्हणाली, "सर, धागा तिने दाखवला आणि दीड वर्ष रोज तिने कापला. एवढं सगळं आभारात मावणार नाही." नाव राहिलं. हेमांगीने त्या पानाची प्रत काढून घरी नेली. तिच्या आईने, पुतळाबाईने, ती मासळी बाजारातल्या सगळ्यांना दाखवली म्हणे.

नंतर एक वार्ताहर आला. त्याला हवं होतं की आता मुंबईच्या नद्या साफ होणार. संघमित्राने त्याला बसवून चहा दिला आणि सांगितलं, "नाही. वाहत्या नाल्यात हे चालत नाही. एका गाळ्यातली एक टाकी साफ होते. तेवढंच लिहा." त्याने काहीच छापलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मी निवृत्त झाले, तरी आठवड्यातून एकदा जाते. आता तिच्याकडे चार विद्यार्थी आहेत, आणि मरोळच्या त्या शेठनी दोनशे लिटरचा एक पिंप प्रयोगासाठी वेगळा ठेवलाय. वापरलेले धागे धुऊन, क्रोमियम उतरवून पुन्हा सोडता येतात. चार वेळा जमतं. पाचव्या धुण्याला धागा उलगडतो आणि त्याची साधी सरळ तार होते. सध्या ती त्याच्या मागे आहे. परवा गेले तेव्हा तिच्या टेबलावर भोपळ्याचे वेल, अळूचे देठ आणि कमळाचे देठ मांडून ठेवलेले होते, आणि कुठला धागा उलगडत नाही हे ती एकेक तोडून बघत होती.