संभाजी कुदळ्यांची पाटीलकी

संभाजी कुदळ्यांना हळू बोलणं माहीतच नाही. कोथरूडच्या पलीकडचं त्यांचं गाव महापालिकेत गेलं, शेतांवर वीस-वीस मजले चढले, पण त्या मजल्यांच्या मधोमध संभाजींचा सहा म्हशींचा गोठा अजून ठाण मांडून आहे. सोसायटीवाले वासाची तक्रार करतात आणि दूधही त्यांच्याचकडून घेतात. पुण्यात हे एकाच वेळी जमतं.

माणूस दिलदार, कामाला वाघ. खोड एकच. कुणी नाव विचारलं की छाती पुढे काढून सांगायचे, ‘‘आम्ही मूळचे पाटील. कुदळे हे नुसतं आडनाव.’’ मोटारसायकलवर पाटील, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर पाटील, त्याच्या लग्नपत्रिकेवर तर पाटील एवढं मोठं, की नवरा-नवरीची नावं शोधावी लागली. स्वतःच्या सातबाऱ्यावर आणि आधारकार्डावर मात्र मुकाट्यानं कुदळे. कारण तलाठ्यापुढं छाती काढून चालत नाही.

अशा या माणसाच्या घरी एका मंगळवारी सकाळी मेल आला. ऋषी, त्यांचा एकुलता एक मुलगा, लॅपटॉप हातात धरूनच गोठ्यात धावत आला. त्याची बायको उत्कर्षा कॅनडात कॅलगरीला नर्स. तिला तिथं कायम राहायची परवानगी मिळाली होती आणि तिनं नवऱ्याला बोलावून घेण्याचा अर्ज केला होता. सोळा महिने दोघं फोनवर संसार करत होती. सगळे कागद गेले होते, आता होकारच यायचा, म्हणून संभाजींच्या बायकोनं, मथुराबाईंनी, दोन किलो गोडा मसाला कुटूनही ठेवला होता.

‘‘आला ना होकार?’’ संभाजी म्हशीखालून उठलेच.

‘‘नाही अप्पा. क्वेरी आलीय. माझ्या जन्मदाखल्यावर कुदळे, तुमच्या आधारवर कुदळे. माझ्या शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टवर, मॅरेज सर्टिफिकेटवर पाटील. ते विचारतायत, हा माणूस एकच आहे का? पुराव्यासकट तीस दिवसांत कळवा. नाहीतर फाइल बंद. मग पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं गेली समजा.’’

‘‘एवढंच? तीस दिवस कशापायी, तीन दिवसांत देतो.’’ संभाजींनी बादली मथुराबाईंच्या हातात दिली आणि तसेच मोटारसायकलीला किक मारली. ऋषी कसाबसा मागं बसला.

कोथरूडात नम्रता म्हणून एक वकीलबाई परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं बघतात. त्यांनी सगळा मेल शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘‘सोपं आहे. दोन प्रतिज्ञापत्रं लागतील. एक वडिलांचं, की कुदळे आणि पाटील हा एकच मुलगा, आणि आडनाव वेगळं का लावलं. दुसरं नात्यात नसलेल्या, त्याला जन्मापासून ओळखणाऱ्या वडीलधाऱ्याचं. का लावलं आडनाव वेगळं?’’

‘‘आम्ही मूळचे पाटील.’’

‘‘वा. मग पाटीलकीचा एखादा जुना कागद असेल, तो जोडू.’’

संभाजी गप्प. हे एवढं दुर्मीळ, की ऋषीनं वळून पाहिलं.

‘‘नसेल तर नसू दे,’’ नम्रताबाई म्हणाल्या, ‘‘पण जे लिहाल ते खरं लिहा. खोटं सापडलं तर नुसता नकार नाही, पाच वर्षं दार बंद. मग सूनबाईंना तिकडे एकटीनंच चहा करून प्यावा लागेल.’’

परत येताना संभाजींनी गाडी दोनदा भलत्याच गल्लीत घातली. कारण खरी गोष्ट घरात फक्त दोघांना ठाऊक होती, त्यांना आणि मथुराबाईंना. कुदळ्यांकडे पाटीलकी कधी नव्हतीच. ती गावात एकाच घराची, वैजनाथरावांची.

‘‘सांगून टाका पोराला,’’ मथुराबाई म्हणाल्या.

‘‘आन सुनंच्या माहेरी काय तोंड दावू? पाटलाचं घर म्हणून दिलीय त्यांनी पोरगी.’’

‘‘तुमच्या तोंडापायी पोराचा संसार मोडायचा का?’’

पण माणूस सहजासहजी शहाणा होत नाही. शनिवार पेठेत कुणीतरी पाटीलकीच्या जुन्या दिसणाऱ्या सनदा करून देतो, असं संभाजींच्या कानावर आलं होतं. गुरुवारी ते त्या जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. चार पायऱ्या चढले. पाचव्या पायरीवर त्यांना ती पाच वर्षं आठवली. आपण मोठेपणा मिरवायचा आणि वनवास पोरानं भोगायचा, असं कसं चालेल? गडी उलट्या पावली उतरला आणि जो सुटला तो थेट घरी.

ऋषी जेवत होता. संभाजींनी त्याला ताटावरच गाठलं. ‘‘ऐक. मी खोटं बोललो. तुला शाळेत घालायला गेलो तेव्हा अंगाला शेणाचा वास. कारकुनानं वर बघितलं न्हाई, म्हणला फॉर्म संपले. माझ्या मागनं एक जण आला, पाटील म्हणून नाव सांगितलं, त्याला खुर्ची दिली, फॉर्म दिला. मी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं घालून गेलो आन पाटील सांगितलं. मलाबी खुर्ची दिली. त्या खुर्चीपायी तुझं आडनाव बदललं बघ. माझं चुकलं.’’

ऋषीनं घास ताटात ठेवला. मग तो म्हणाला, ‘‘अप्पा, आठवीत एकानं ‘तू कसला पाटील’ म्हटलं म्हणून मी त्याला धुतला होता. तो बरोबर होता की.’’ आणि हसायला लागला. मथुराबाईही हसल्या. हसले नाहीत ते फक्त संभाजी. त्यांचे डोळे भरून आले होते.

लगेच उत्कर्षाला फोन लावला. संभाजींनी तिलाही सगळं सांगितलं, नेहमीच्याच आवाजात, त्यामुळे सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळलं. ती म्हणाली, ‘‘पप्पा, मला ऋषी हवाय. आडनाव तुम्ही कुठलंही पाठवा.’’ संभाजींचा जीव भांड्यात पडला.

अर्धाच पडला. दुसरं प्रतिज्ञापत्र राहिलंच होतं. गावातली जुनी माणसं म्हणजे एकतर भावकी, नाहीतर गेलेली. नात्यात नसलेला, ऋषीला जन्मापासून ओळखणारा असा एकच उरला, वैजनाथराव पाटील. आता आली का पंचाईत? ज्याचं नाव सत्तावीस वर्षं फुकट वापरलं, त्याच्याच दारात सही मागायची. वैजनाथराव समोरून दिसले की संभाजी इतकी वर्षं गल्ली बदलत आलेले. चोराच्या मनात चांदणं.

शुक्रवारी सकाळी गेले एकदाचे, नम्रताबाईंनी रात्रीच लिहून पाठवलेला कागद छातीशी धरून. ब्याऐंशी वर्षांचे वैजनाथराव ओट्यावर पेपर वाचत होते.

‘‘तात्या, एक सही पाहिजे,’’ संभाजी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाले.

वैजनाथरावांनी अख्खा कागद वाचला. पाटीलकी नव्हती, शाळेसाठी नाव लावलं, सगळं त्यात होतं. संभाजी उभेच.

‘‘बस की,’’ वैजनाथराव म्हणाले. ‘‘तुझा ऋषी आन माझा नातू सूरज एकाच वर्गात होते, ठाऊक हाय ना?’’

‘‘हाय.’’

‘‘पहिल्याच आठवड्यात सूरज घरी आला आन म्हणला, आजोबा, ऋषी पण पाटील सांगतो. तो आपला कुणी हाय का?’’

संभाजींनी मान खाली घातली. ‘‘मग?’’

‘‘मग काय. म्हणलं, व्हय, भाऊ हाय तुझा. पाच वर्षांचं पोरगं, त्याला वर्गात खोटं पाडायचं का?’’

सत्तावीस वर्षं ज्याला चुकवत होतो, तो सत्तावीस वर्षं आपलं झाकून बसला होता. संभाजी ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. वैजनाथरावांनी रडू दिलं. मग म्हणाले, ‘‘चल आता, गाडी काढ. नोटरी जेवायला गेला म्हणजे चारपर्यंत गावत न्हाई.’’

नोटरीपुढं कागदातली शेवटची ओळ वाचून दाखवली गेली, ‘सदर मुलाशी माझे कोणतेही नाते नाही.’

‘‘हे लिहावंच लागतं का?’’ वैजनाथरावांनी विचारलं.

‘‘हो, त्याशिवाय तुमची साक्ष धरणार नाहीत.’’

‘‘मग लिहा. इतकी वर्षं नातं हाय म्हणून खोटं बोललो, आता न्हाई म्हणून खरं बोलतो. पोराचं काम होऊ दे.’’ आणि ठसठशीत सही केली.

दहाव्या दिवशीच कागद गेले. त्यानंतरचे सात आठवडे संभाजी फोन घेऊनच धारा काढत होते, त्यात एकदा फोन बादलीत पडला. आणि एका सोमवारी, मथुराबाई चहा गाळत असताना, ऋषीनं घरातून आरोळी ठोकली. होकार आला होता.

मथुराबाई देवापुढं साखर ठेवायला वळल्या आणि मागं बघतात तर नवरा जागेवर नाही. संभाजी अनवाणीच गल्लीतून पळत सुटले होते. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं बाहेर आली. ओट्याजवळ पोचायच्या आधीच, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा त्या आवाजात ते म्हणाले, ‘‘तात्या, आपलं पोरगं चाललं.’’