हरण्याची नळी

दत्तूमामांचा गोठा माझ्यामुळे सुटला. आज सकाळी मामाही गेले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा रबर दाबायचा एक प्रेस, दोन कामगार, रबराचे वॉशर.

कल्याणच्या पुढे एक संशोधनाचा गोठा होता. बैलाच्या पोटात चारा कसा पचतो, ते तिथे बघायचे.
डॉक्टरसाहेब बैलाची डावी कूस बधिर करायचे आणि तो उभा असतानाच पोटापर्यंत भोक पाडून रबरी नळी बसवायचे. वर बूच.
बूच काढलं की आतला चारा हाताला. बैल आपला निवांत रवंथ करतोय!

ती नळी बनवायची ऑर्डर मला मिळालेली.

मामा गोठ्यावर कामाला. दिवा गावाकडचे आगरी. रोज हरण्या बैलाशी गप्पा मारत कोमट पाण्याने नळीभोवतीची कातडी धुवायचे.
नवी नळी आली की आधी स्वतःच्या गालावर घासून बघायचे.

"शेठ, कड टोचतेय रं. हरण्याला नाय चालायची."

"मामा, बैलाचं कातडं आहे ते, तुमचा गाल नाही!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

खरं सांगू? डॉक्टरांनी मऊ रबर सांगितलेलं. मऊ माल साच्यातून काढताना फाटायचा. मी कडक वापरलं. म्हटलं, कोणाला कळतंय!

दहा दिवसांत हरण्याची जखम चिघळली. पू, माश्या.
डॉक्टर मामांवर भडकले, "साफसफाई करता की नुसत्या विड्या फुंकता?"

मी तिथेच उभा होतो.
ऑर्डर जाईल म्हणून गप्प बसलो.

मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "माझंच कायतरी राहिलं असंल, साहेब."

त्यांना गोठ्यातून काढून गेटवर बसवलं. मी गुपचूप मऊ नळी करून दिली. हरण्या बरा झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

पुढे प्रत्येक खेपेला मामा गेटवर विचारायचे, "हरण्या खातो ना नीट?"
"खातो," म्हणायचो आणि स्कूटरला किक मारायचो.

आज त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला. रडता रडता म्हणाली, "काका, बाबांना गोठ्यातून का काढलं हो? आई शेवटपर्यंत विचारत होती. बाबा एवढंच म्हणायचे, झाली चूक."

मी "निघतोच" म्हणत फोन ठेवला, खरं सांगायचं टाळलं. म्हणून इथे लिहितोय, सगळ्यांसमोर.

सुनंदा, तुझ्या बाबांची काही चूक नव्हती. नळी कडक होती. मी केलेली.
आणि मला ते त्याच दिवशी माहीत होतं.

मामा, माफ करा म्हणायलाही तोंड नाही. शेवटचा नमस्कार.