कुत्र्याच्या कानाने ऐकणारा शेजारी

कुत्र्याच्या कानावर भरवसा ठेवून उभा जन्म काढणारा माणूस सगळ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आधी एकाच ऑफिसात तीस-बत्तीस वर्षं समोरासमोरची टेबलं, आणि निवृत्तीनंतर अकोल्यात एकाच ले-आउटमध्ये लागून घरं. या माणसापासून मला सुटका अशी कधी मिळालीच नाही. त्याच्याविषयी तक्रारी करायला बसलो तर पानं पुरायची नाहीत. तरी बसतो. मात्र तक्रारी संपल्यावर एक गोष्ट सांगायची आहे, जी मी बेचाळीस वर्षं पोटात ठेवली. खरं म्हणजे तीच सांगायला लिहितो आहे. तक्रारी आपल्या धीर गोळा होईपर्यंत.

त्याच्या घरी कायम एक गावठी कुत्रा असतो. एक गेला की दुसरा येतो. सध्याचा पाचवा आहे आणि पाचही जणांचं नाव एकच, अंपायर. या गृहस्थाचं म्हणणं असं, की माणसाचा कान बेभरवशाचा, निदान त्याचा स्वतःचा तरी. कुत्र्याच्या कानाला मात्र खोटं बोलता येत नाही. म्हणून दाराची बेल वाजली की हा दाराकडे न बघता अंपायरकडे बघतो. कान उभा झाला तर बेल वाजली, नाही तर नाही. अंपायर झोपलेला असला तर पाहुणा बाहेर, तोही अकोल्याच्या उन्हात. एकदा सिलिंडरवाला असा दोनदा परत गेला आणि वहिनींना तीन दिवस आमच्या ओट्यावर स्वयंपाक करावा लागला. पोळ्या लाटता लाटता त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, माह्यं लग्न माणसासंगं झालं का कुत्र्यासंगं, ते एकदा तुमच्या दोस्ताले विचारून सांगा." मी विचारलं. तो म्हणाला, "तिले सांग, कुत्रा असता त पहिल्याच बेलीले उठला असता."

फोनचाही तोच प्रकार. मी महत्त्वाचं काही सांगत असलो की मध्येच म्हणतो, "थांब, अंपायरजवळ जातो." मग फोन कुत्र्याच्या तोंडासमोर धरून मला पुन्हा बोलायला लावतो. माझ्या साल्याच्या बायपासची बातमी मी आधी कुत्र्याला सांगितली आहे. कान हलला, तेव्हा कुठे यानं "अरे बाप्पा!" केलं.

ले-आउटच्या मागच्या मैदानावर पोरांच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. तिथे हा फुकट पंचगिरी करतो. स्क्वेअर लेगला एक पोतं अंथरलेलं असतं, त्यावर अंपायर. चेंडू बॅटच्या कडेला लागला की नाही याचा निकाल त्या पोत्यावरून येतो. गेल्या मोसमात एका फलंदाजाला याने यष्टीमागे झेलबाद दिलं, तर तो पोरगा बॅट आपटत आला. "काका, त्या कुत्र्याले गोचीड चावली! मी सोता पाह्यली!"

"गोचीड चावली त तो मागचा पाय उचलते," हा शांतपणे म्हणाला. "कान उचलला म्हंजे आवाज. जा, पाणी पी."

पोरगा पाणी प्यायला गेला. या माणसाशी वाद घालणं हे भिंतीला टाचणी टोचण्यासारखं आहे, भिंतीला काही होत नाही, टाचणी वाकते.

बरं, विद्या कुत्र्यापाशी थांबती तरी ठीक होतं. याला सगळ्याच जनावरांत क्रिकेट दिसतं. सकाळी फिरायला निघालं की दर दहा पावलांना एक व्याख्यान. "ते बकरी पाह्य. ऑफच्या बाहेर जे हिरवं दिसन त्याले तोंड लावते. तुह्या पुतण्याची बॅटिंग अशीच हाय." म्हैस रस्त्याच्या मधोमध बसली, मागे ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन दमला, की हा टाळी वाजवतो. "याले म्हनते टेम्परामेंट! बॉलरले थकवा, मंग उठा." गाढव जिथे लोळतं तिथली माती मोकळी, म्हणून चेंडू तिथेच वळणार, हा सिद्धांत त्याने एका कप्तानाला इतक्या ठामपणे सांगितला की त्या बापड्याने संघात तीन फिरकीवाले घेतले. तिघांनी मिळून चौदा छक्के खाल्ले. मी छद्मीपणे विचारलं, "काय झालं तुह्या गाढवाचं?" तर म्हणे, "गाढवाची चूक नाही. ते सकाळी लोळलं होतं, मॅच दुपारची होती."

आणि सर्वांत मोठा छळ संध्याकाळचा. पुलाच्या कठड्यावर आम्ही दोघं बसतो. बसल्याबरोबर याचा प्रश्न: "आज काय बरं वाटलं?" उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. एकदा माझं डोकं भणभणत होतं, शुगर वाढलेली, मुलाशी फोनवर खटका उडालेला. मी म्हणालो, "काहीच नाही." तर या माणसाने मला पाऊण तास उठू दिलं नाही. शेवटी मी कंटाळून म्हणालो, "सकाळच्या चहात आलं बरं पडलं होतं."

"मंग झालं ना! एक रन निंघाला. तू उगा छक्क्याची वाट पाहून राहिला दिवसभर." आणि पायाशी पडलेल्या अंपायरकडे बोट. "याले पाह्य. सावली सरकली का हा सरकते. याच्यावर याचं काही म्हननं नाही."

असा हा माणूस. चिडायला हजार कारणं देतो, आणि चिडून घरी आलो की बायको म्हणते, "आज बरे दिसून राहिले तुमी."

पण मला त्याचा खरा राग येतो तो तिसऱ्याच गोष्टीचा. तो माझी स्तुती करतो. कुठेही, कुणापुढेही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात, माझ्या मुलाच्या लग्नात विहिणीच्या पंगतीत, सलूनमध्ये, एकदा तर पातूरच्या बसमध्ये अनोळखी कंडक्टरला. "हा मानूस पाहून घ्या. यानं मॅच हरू देल्ली, पन आपल्या सोताच्या मानसाले आऊट देल्लं. मले! इमानदारी पाह्यची असन त याच्याकडे पाहा." लोक माझ्याकडे आदराने बघतात. मी बुटांकडे बघतो. त्यालाही लोक विनयच समजतात.

ती मॅच बेचाळीस वर्षांपूर्वीची. आमचं अकोल्याचं ऑफिस विरुद्ध अमरावतीचं ऑफिस, रविवारी, अकोल्यात, भर एप्रिलमध्ये. त्या काळी आमच्या सामन्यांत बाहेरचा पंच कुठला? फलंदाजी करणाऱ्या संघाचाच कुणीतरी आऊट झालेला माणूस पांढरा कोट चढवून उभा राही. मी शून्यावर परतलो होतो, कोट माझ्या गळ्यात पडला. शेवटची जोडी खेळत होती. जिंकायला नऊ धावा हव्या होत्या आणि हा अडतीसवर होता. त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी खेळी. षटकं भरपूर शिल्लक होती, म्हणून हा म्हशीसारखा निवांत खेळत होता. आणि मला तीनची अमरावतीची बस पकडायची होती.

अमरावतीला मुलगी पाहायला जायचं होतं. संध्याकाळी सहाला सगळी मंडळी जमणार होती. माझ्या पिशवीत इस्त्रीचा शर्ट होता. पण हे ऑफिसात कुणालाही माहीत नव्हतं, कारण त्याआधी तीन ठिकाणांहून मला नकार आला होता आणि दर नकारानंतर ऑफिसात आठ दिवस आलुबोंड्यांसोबत माझी चेष्टा चाले. चौथ्यांदा मी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. दुसरा पंच मागावा तर सगळे झाडाखाली जेवून आडवे झालेले. पावणेतीनला एक चेंडू ऑफच्या बाहेरून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. बॅट आणि चेंडू यांच्यात वीतभर हवा होती. अमरावतीचे अकराही जण सवयीने ओरडले. मी बोट वर केलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बॅटकडे, आणि चालू लागला. आम्ही आठ धावांनी हरलो. मला वाटलं होतं शिव्या पडतील. उलट अमरावतीच्या कप्तानाने येऊन माझा हात हातात घेतला. म्हणाला, असा पंच पाहिला नाही. आमच्यांनाही ते पटलं. आपलाच शेवटचा गडी कुणी उगाच बाद देईल का? मी कोट काढला आणि बसस्टँडकडे पळालो. बस मिळाली. मुलगी पसंत पडली. मुख्य म्हणजे मी पसंत पडलो. तीच ही आत बसून मेथी निवडते आहे.

सोमवारी तो माझ्या टेबलाशी आला. "कट लागली होती ना?" मी "हो" म्हणालो. "मले आवाजच नाही आला रे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. "तू काही खोटं बोट देनार नाही. म्हंजे माह्या कानातच खोट हाय." मी त्या वेळी हसलो. वाटलं, दोन दिवसांत विसरेल.

तो विसरला नाही. त्याने बॅट खुंटीला लावली. ते एक वेळ चाललं असतं. पण तो खंजिरीवर भजन फार सुरेख म्हणायचा. पातूरकडच्या त्याच्या गावाहून मंडळी त्याला न्यायला यायची. तेही त्याने सोडलं. म्हणाला, "ज्याले बॅटीचा आवाज येत नाही, त्याले सूर लागला का नाही, कसं कळन?" मग कधीतरी त्याच्या लक्षात आलं की दारातल्या कुत्र्याचा कान आपल्याआधी हलतो. पहिला अंपायर घरात आला. लोक हसले, त्यांच्याबरोबर मीही हसलो, सर्वांत मोठ्याने. आधी लाज होती, मग उशीर झाला होता, मग इतका उशीर झाला की सांगणंच हास्यास्पद वाटू लागलं.

गेल्या महिन्यात त्याच्या पुण्याच्या लेकीने हट्टच धरला, की बाबांचे कान तपासून मशीन घ्या. जठारपेठेतल्या एका डॉक्टरकडे मी त्याला घेऊन गेलो. अंपायरला आत घेईनात, तेव्हा हा पायरीवर अडून बसला. शेवटी मी कुत्रा धरून बाहेर उभा राहिलो. अर्ध्या तासाने डॉक्टर स्वतः कागद घेऊन त्याच्याबरोबर बाहेर आले. "काका, मशीन कशाला? तुमचे कान चाळिशीतल्या माणसाचे आहेत."

"पन आधी दोष होता ना? जवानीत?"

"कधीच नसणार. कान असे बिघडून सुधरत नाहीत."

ऑटोत तो डॉक्टरांचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. घराजवळ आल्यावर त्याने विचारलं, "मंग तवा आवाज काऊन नाही आला?" मी म्हणालो, "कावळे लय ओरडून राहिले होते." म्हणजे बेचाळीस वर्षांनी पुन्हा खोटं.

त्या संध्याकाळी मी पुलावर गेलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "म्हंजे तुमी माह्यासाठी खोटं बोलले? एवढ्या वर्षांत पह्यल्यांदा ऐकून राहिली मी, का माह्यासाठी तुमी काही केलं." मग थोड्या वेळाने, वेगळ्या आवाजात म्हणाली, "जा. सांगून या त्याले. आत्ताच."

मी सकाळी गेलो. तेवढा भित्रेपणा शिल्लक होताच. तो अंगणात कुंड्यांना पाणी घालत होता. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. वीतभर हवा, इस्त्रीचा शर्ट, तीन नकार, बस, सगळं. तो पाणी घालत राहिला. एकच कुंडी भरून वाहायला लागली तरी घालत राहिला. मग पाइप खाली ठेवून पायरीवर बसला.

"भजन सोडलं रे मी," तो म्हणाला. इतकंच. मला वाटलं आता उठून आत जाईल आणि दार लावून घेईल, आणि ते दार मी वाजवलं तरी उघडणार नाही. माझ्या वयात असा शेजारी दुसरा मिळत नाही. मी चपलांकडे बघत उभा राहिलो.

पाइपातलं पाणी अंगणभर झालं, तेव्हा त्याने विचारलं, "किती वाजताची होती बस?"

"तीनची."

"सापडली?"

"सापडली."

त्याने मान हलवली. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो एखाद्या अगदीच बिनडोक फलंदाजाकडे पाहतो.

"अबे, मुलगी पाह्याले जायचं होतं त मले सांगाचं नाही काय? मी बॅट घालून सोताच्या दांड्या पाडून टाकल्या असत्या. दोन मिनिटाचं काम!"

आणि त्याने पाडल्या असत्या. अडतीसवर, नऊ धावा हव्या असताना, हसत हसत पाडल्या असत्या आणि वर मला स्टँडपर्यंत सायकलवर डबलसीट सोडून आला असता. हे मी त्या दिवशीही ओळखत होतो, इतका तो मला माहीत होता. फक्त पिचवर बावीस पावलं चालत जाऊन त्याच्या कानात सांगायचं होतं. त्याला ऐकू आलं असतं.