एक्सचेंजमधली कुंदा

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या कारखान्याजवळून नुसतं चालत गेलं तरी साडीला कापूस चिकटतो. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईला किस्से तसेच चिकटतात. झटकले तरी जात नाहीत! वर्धा जिल्ह्यातल्या एका एक्सचेंजमध्ये मी बरीच वर्षं ऑपरेटर होते. कोणतं ते विचारू नका, माणसं अजून तिथंच राहतात. एसटीडी यायच्या आधीचा तो काळ. बाहेरगावी बोलायचं तर आधी आम्हाला सांगून ट्रंक कॉल बुक करायचा, मग आम्ही बोर्डावर कॉर्ड खोचून तो जोडून देणार. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, असा नियम होता. नियम फार चांगला होता!

दिवसपाळीला आम्ही तिघी. शोभाताई सगळ्यांत सीनियर, घरात सासूपासून नातवापर्यंत सगळं सांभाळून यायच्या आणि कुठल्याही गोष्टीत पहिला प्रश्न त्यांचाच असायचा. दुसरी मी. तिसरी कुंदा, सेलूकडच्या शेतकऱ्याची मुलगी. कामात चलाख, पण खोटं बोलायची अक्कल देवानं तिला दिलीच नव्हती. आमचे निम्मे किस्से त्यामुळेच घडले.

*

कुंदा रोज सकाळी हिंगणीची लाइन टेस्ट करायची. हिंगणीच्या पोस्टात फोनवर नलिनी नावाची मुलगी बसायची. "हॅलो हिंगणी, आवाज येऊन राह्यला का?" "येऊन राह्यला!" एवढं विचारायला कुंदाला अर्धा तास लागे. बाकी गावांच्या लाइनी पावसाळ्यात मरून पडायच्या, पण हिंगणीची कायम खणखणीत. जरा खरखर झाली की कुंदा लाइनमनच्या मागे हात धुऊन लागे.

शेवटी तो वैतागला. "कुंदाबाई, हिंगणीत काय मंत्री राह्यते का?"

"मंत्र्यापेक्षा मोठं माणूस राह्यते," कुंदा म्हणाली.

बिचारा लाइनमन! कलेक्टरसाहेबांचं सासर हिंगणीत आहे का, याची चौकशी तो कितीतरी दिवस करत होता.

*

मग नलिनीचं लग्न झालं आणि ती गोंदियाकडे निघून गेली. त्या आठवड्यात कुंदा बोर्डावर बसून रडायची. एका हाताने कॉर्ड खोचायची, दुसऱ्या हाताने डोळे पुसायची, आणि तोंडाजवळ माइक असल्यामुळे ते हुंदके थेट गिऱ्हाइकाच्या कानात जायचे.

सिंदीचे एक कापसाचे शेठ होते. एक दिवस मुंबईचा भाव ऐकता ऐकता मध्येच ओरडले, "अरे बाई, लाइन में पानी घुस गया क्या?"

"हां शेठजी," कुंदा म्हणाली. "उतरेगा धीरे धीरे."

*

त्याच दुपारी डबे उघडले. मी आपली समजूत घालायला गेले, "अगं, मैत्रिणी लग्न होऊन जातातच."

कुंदाने भाकरी खाली ठेवली. "मैत्रीण नाई वं. मले तिच्यासंगं घर करायचं होतं. नवरा-बायको करते तसं."

मला सगळं समजलं असं मुळीच नाही. पण तिचं दुःख दिसत होतं, आणि त्याच्यापुढे मला काही विचारायला सुचेना. शोभाताईंना सुचलं. त्या म्हणाल्या, "मंग सैपाक कोण करणार होतं?"

"नलिनी. मले कुठं येते?"

"मंग ठीक आहे," असं म्हणून शोभाताईंनी तिच्या भाकरीवर ठेचा वाढला.

*

दोन-तीन वर्षं गेली. अल्लीपूरच्या एका जिनिंगमध्ये मधुकर नावाचा कारकून होता. मुंबईचा भाव विचारायला तो रोज कॉल बुक करायचा. मुंबई काही लगेच लागत नसे. तोपर्यंत तो आणि कुंदा बोलत बसत. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं किती लागली इथून सुरुवात व्हायची आणि गाडी कुठल्या कुठे जायची.

जिल्हाभर लोक मुंबई लागत नाही म्हणून आम्हाला शिव्या घालायचे. हा एकटाच, मुंबई लागली की म्हणायचा, "एवढ्या लवकर?"

*

एक दिवस कुंदाने जाहीर केलं, "मले मधुकर आवडते. लगन करीन तं त्याच्यासंगंच."

मी खूश झाले. शोभाताई मात्र भडकल्या! "अवं, मी आत्ता कुठं मनाची तयारी केलती! आर्वीच्या एक्सचेंजातली एक पोरगी तुह्यासाठी पाहून ठेवली होती मी!"

कुंदा हसत सुटली. शोभाताईंना हसू येईना. "मंग नलिनीचं ते खोटं होतं का?"

"खरं होतं."

"अन् हे?"

"हेबी खरं आहे."

"एक काय ते ठरव ना वं!"

"ठरवलं ना. मधुकर. पण त्याच्यासाठी नलिनीले खोटं काऊन पाडू?"

शोभाताईंनी तो विषय तेवढ्यावर सोडला. आर्वीच्या पोरीचं मात्र त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं!

*

पण प्रश्न डोक्यात शिरला की शोभाताईंना झोप येत नसे. दुपारी कॉल कमी झाले तेव्हा त्यांनी नागपूरच्या ऑपरेटरला गाठलं. नागपूरला सगळं माहीत असतं, अशी आमची श्रद्धा होती. "काहो नागपूर, एखाद्या बाईले माणूसबी आवडते अन् बाईबी आवडते, तं अशाले काय म्हणते? काही नाव असन ना?"

नागपूर म्हणालं, "थांबा, विचारून सांगते." नागपूरने भुसावळला विचारलं, भुसावळने मुंबईला. संध्याकाळी ड्यूटी संपताना उत्तर आलं.

"मुंबई म्हणते, नाव माहीत नाही. पण त्यांच्याकडे अशा दोघी आहेत."

"अन् भुसावळ?"

"भुसावळला एक आहे. पण ती सुपरवायझर आहे, तिला कोण विचारणार?"

*

मधुकरच्या घरचे कुंदाला पाहायला आले. तिथं मीही होते. कुंदा डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून पाटावर बसली. मधुकरच्या आत्याने घसा खाकरला. बाकी सगळे गप्प. फोनवर समोरून कोणी घसा खाकरला की पुढे काय बोलायचं, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं! कुंदाने मान वर केली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "नंबर प्लीज?"

आत्या दचकून म्हणाल्या, "माह्या नावानं कुठं आहे बाई फोन?"

जुळलं!

*

साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. आमच्याकडे तेव्हा साक्षगंधापासून लग्नापर्यंत पोरापोरीला एकटं भेटू देत नसत. आणि कुंदाने ठरवलं, मधुकरला नलिनीचं सांगायचं. लग्नाआधी सांगायचं.

शोभाताईंनी हात जोडले. "नको वं बाई. साक्षगंध मोडलं तं तुह्या बापाले गावात फिरता येणार नाई. अन् तुह्यं दुसरीकडं कुठंच जुळणार नाई."

"न सांगता गेली तं त्या घरात जिंदगीभर अर्धीच राहीन मी," कुंदा म्हणाली.

त्या दिवशी तिने सुट्टी टाकली. बोर्डावरून बोलायला ती तयार नव्हती. बाहेरच्या फोनच्या कॅबिनमध्ये जाऊन तिने गिऱ्हाइकासारखा अल्लीपूरचा कॉल बुक केला. जोडायला मी होते. काचेतून तिची पाठ दिसत होती. मला भीती वाटत होती, खरंच सांगते, स्वतःच्या लग्नात वाटली नव्हती एवढी. शोभाताई त्यांच्या बोर्डावरून उठून माझ्या खुर्चीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या हेडसेटला कान लावला.

"तुम्ही मधे बोलू नका," कुंदा मधुकरला म्हणाली. "माह्यं आधी एका पोरीवर प्रेम होतं. नलिनी तिचं नाव. मैत्री नाई, प्रेम. आता तुमच्यावर आहे तसंच. ते चुकून झालं नव्हतं अन् हेबी चुकून नाई. तुम्हाले चालत नसन तं आत्ताच सांगा. मी बापाले सांगीन, मीच मोडलं म्हणून."

पलीकडून काहीच आलं नाही. अल्लीपूरच्या जिनिंगचा घरघर आवाज तेवढा ऐकू येत होता. कुंदाही गप्प. तिची पाठ हलत नव्हती. शोभाताईंनी पदराचं टोक दातात धरलं होतं.

ट्रंक कॉलची तीन मिनिटं भरली की ऑपरेटरला मध्ये बोलावंच लागतं. माणसं बोलोत नाहीतर गप्प बसोत, वेळ तर भरते. मी शक्य तेवढा वेळ काढला. मग विचारलं, "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा का?"

कोणी बोललं नाही.

"अल्लीपूर, वाढवायचा का?"

"वाढवा बाई," मधुकर म्हणाला. मग थोड्या वेळाने, "कुंदा?"

"हं."

"कशी होती वं नलिनी?"