रिकाम्या कपाटांचं दुकान

चारकोपला आमच्या बिल्डिंगखाली एका बाईने औषधांचं दुकान टाकलं. विक्रेत्यांच्या संघटनेचं ना-हरकत पत्र नाही, म्हणून एकही होलसेलर माल देईना. तरी ती रोज शटर उघडून रिकामी कपाटं पुसायची आणि गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानात पाठवायची. माझंच डोकं फिरायचं. तिने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. असं पत्र मागणंच बेकायदा, असा निकाल लागला; पण तोवर तिचं दुकान बंद पडलं होतं.

परवा ती समोरच्याच दुकानात नोकरीला दिसली.

"ताई, जिंकलात ना तुम्ही?"

"जिंकले ना. आता कोणी नवीन आलं तर त्याला माल मिळेल," म्हणत तिने फडकं घेतलं. पूर्वी ते कपाटात सरळ फिरायचं. इथे सारखी खोकी उचलावी लागत होती.