ग्रँड म्हणणाऱ्या बाई

अमेरिकेतल्या बड्या रेल्वे कंपन्यांना दरवर्षी सरकारला हिशेब द्यावा लागतो: रुळांवर किती खर्च झाला, इंजिनांवर किती, इमारतींवर किती. त्यातल्या एका कंपनीचा हिशेब आम्ही डब्लिनमध्ये बसून करतो. आकडे मी भरतो आणि ‘तपासलं, बरोबर आहे’ अशी सही आमच्या आयरिश बाई करतात. चूक निघाली तर जाब त्यांनाच.

बाई डब्लिनजवळच्या लिक्सलिप गावाहून ट्रेनने येतात, दिवसभर कोट मांडीवर घेऊन बसतात आणि सगळ्याला ‘ग्रँड’, म्हणजे आयरिश लोकांचं ‘छान, चालेल’, म्हणतात. मी केलेल्या चहालाही म्हणाल्या, तेव्हाच मी ठरवून टाकलं की यांचं कशाकडे लक्ष नसतं.

त्या भरवशावर यंदा कंटाळून मी स्टेशनच्या छपराचा खर्च रुळांच्या खात्यात घातला आणि शेजारच्या नागपूरकरासाठी बाजूला शेरा टाकला, “दे ढकलून. कोण बघतंय?” मराठीत लिहिलं म्हणजे तिजोरीत ठेवलं, अशी माझी समजूत. पुसायचं अर्थातच विसरलो.

संध्याकाळी बाई कोट चढवून माझ्या टेबलापाशी आल्या.

“ते तुझ्या भाषेत काय लिहिलंयस रे?”

“‘पुन्हा तपासणे’,” मी पापणी न हलवता म्हणालो.

“ग्रँड. मग तपास. सही माझी असते.” आणि गेल्या ट्रेन पकडायला.

मी निमूटपणे छप्पर इमारतींच्या खात्यात नेलं. शेरा पुसायला गेलो, तर त्याखाली उत्तर येऊन पडलं होतं, स्वच्छ देवनागरीत: “मी बघतेय.”