आबासाहेबांच्या मोटारीची किल्ली

श्रावणी जवळ आली की एका मोटारीच्या किल्लीचा तपास मला हटकून आठवतो. खून, दरोडे डोक्यातून पुसट झाले, पण हे एवढंसं प्रकरण काही जात नाही. नावं सांगत नाही. त्या घरातली माणसं अजून धारमध्येच आहेत.

संस्थानं जाऊन मध्यभारत झाला होता आणि मी धारच्या ठाण्यात नवा ठाणेदार होतो. श्रावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या दरबारी घराण्यातले एक गृहस्थ फिर्याद घेऊन आले. त्यांच्या वडिलांची मोटार कालपासून तळ्याच्या घाटावर उभी होती आणि तिची एकुलती एक किल्ली नाहीशी झाली होती. संशय ड्रायव्हरवर. कारणही त्यांनी तयार ठेवलं होतं. मोटार विकायची बोलणी चालली होती, राजगढचा व्यापारी ती बघायला येणार होता. मोटार गेली तर ड्रायव्हरची नोकरी जाणार, म्हणून त्याने किल्ली दडवली. ऐकायला चोख वाटलं. इतकं चोख कारण फिर्यादीच घेऊन आला की मला उगाच खाज सुटते, पण रोजनामच्यात नोंद केली आणि ड्रायव्हरला बोलावून घेतलं.

ड्रायव्हर पन्नाशीचा, मराठी माणूस. त्याचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर आलेले. ज्यांची मोटार त्यांना सगळं गाव आबासाहेब म्हणायचं. सत्तरीचा गडी, पण रोज सकाळी घाटाच्या वरच्या पायरीवरून तळ्यात सूर मारायचा. अलीकडे ड्रायव्हरही त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायचा.

"दोघेही पाण्यात, मग किल्ली कुठे राहायची?" मी विचारलं.

"ती आबासाहेबांजवळच असते, साहेब. पहले चप्पलेत ठेवायचो, तर कुत्र्याने चप्पल पळवली."

"आणि काल?"

यावर तो जो गप्प झाला, तो झालाच. आमचा हवालदार मालव्यातला, प्रेमळ पण घाईचा. "अरे भिया, बोल दे न," तो म्हणाला, "काय को हवालात देखने का शौक चढ़ा है?" ड्रायव्हर जमिनीकडे बघत राहिला. धमकी देऊन झाली, चहा देऊन झाला. शेवटी एवढंच म्हणाला, "मला मालूम नाही. लिहायचं ते लिहून घ्या." त्याला ठाण्यातच बसवून ठेवला.

दुपारी घाटावर धुणं धुणाऱ्या एका बाईने हवालदाराला सांगितलं की काल सगळे घरी गेल्यावर हा एकटाच परत आला आणि दिवे लागेपर्यंत पाण्यात बुड्या मारत होता. श्रावणातलं पाणी गढूळ, हाताला नुसता चिखल येत होता. हवालदाराला वाटलं, चोर सापडला. मला मात्र तिथेच शंका आली. ज्याने किल्ली पाण्यात दडवली, तो दुसऱ्याच घटकेला ती शोधत कशाला बसेल?

संध्याकाळी घरी गेलो, सदरा काढला. बायको म्हणाली, "पेटीची किल्ली द्या हो." मी जानव्याला हात घातला आणि तसाच उभा राहिलो. आमच्यातले कितीतरी पुरुष किल्ली जानव्यालाच बांधतात. आंघोळीत नको जायला, पोहताना नको जायला. काल श्रावणीला नवं जानवं घालून जुनं पाण्यात सोडलं, तेव्हा मी आधी किल्ली सोडवून घेतली होती. एखादा विसरला तर?

सकाळी ड्रायव्हरला बाजूला घेऊन मी तसं म्हणालो. त्याने एकदम माझे पाय धरले.

"मी मागेच उभा होतो, साहेब. जुनं जानवं किल्लीसकट पाण्यात गेलेलं दिसलं मला. पण चार लोकांत कसं बोलायचं? आबासाहेब आजकाल भूलतात. घरी कोणाला खबर नाही. कळलं तर त्यांना पाण्यात उतरू देणार नाहीत, घरात बसवून ठेवतील. पोहणं गेलं तर तो माणूस जगायचा नाही. चोरी माझ्यावर राहू द्या."

मी त्याला उठवून उभं केलं. एवढ्यात दारात टांगा थांबला. आबासाहेब उतरले, मागोमाग घाबरेघुबरे झालेले चिरंजीव. ड्रायव्हर गावी गेला आहे असं त्यांना घरी सांगितलं होतं. खरं कळलं तसे ते उठून निघाले होते.

"ठाणेदार, लिहून घ्या," ते उभ्यानेच म्हणाले. "किल्ली मीच जानव्याबरोबर पाण्यात सोडली. मला हल्ली आठवत नाही."

"नाही साहेब!" ड्रायव्हर ओरडला. "आबासाहेब मला वाचवायला बोलताहेत. किल्ली मीच घेतली!"

"गप्प बस," आबासाहेब म्हणाले. "वळण मी चुकीचं सांगायचो आणि घरी येऊन तू म्हणायचास, रस्ता मी चुकलो. मला समजत नव्हतं का रे? समजत होतं. लाज वाटायची म्हणून तुला म्हणू देत होतो."

चिरंजिवांनी वडिलांसाठी खुर्ची ओढली आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. कोपऱ्यात लिहायला बसलेल्या मुन्शीने न सांगता दौत बंद केली. माझे डोळे भरून आले होते, हे आज लिहायला हरकत नाही.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं आणि ते खरंच आहे. पण तो स्वतःचंच काही लपवतो असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे कोणी असा गप्प बसला की मी आधी चौकशी करायचो, की याच्या जिवाचं माणूस कोण.

किल्ली मिळाली नाही. इंदूरहून कारागीर आणून नवी करावी लागली. राजगढच्या व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. नंतर एकदा सकाळच्या गस्तीत तळ्यावरून जाताना मी सायकल थांबवली. दोघं पाण्यात होते. चिरंजीव खालच्या पायरीवर धोतर भिजवत बसले होते, किल्ली मुठीत होती, आणि म्हाताऱ्याचं डोकं पाण्यावर येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.